पाठ कोणी बघितली?

1956 सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल नावाचं रुग्णालय होतं. तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर वॉर्ड सांभाळत. कोंदट खोलीतल्या उबेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवतं, असं त्यांचं ठाम मत होतं. हवा बरी असली की त्या अगदी नाजूक बाळांनाही अंगणात नेत आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत गुपचूप जागेवर आणून ठेवत. एका फेरीला त्यांनी जरा बिचकतच एका बाळाचे कपडे काढून दाखवले. अंग फिकट पिवळं होतं. पण एके ठिकाणी गडद पिवळा त्रिकोण होता, पट्टीनं आखल्यासारखा. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय, आयोडीन फासलंय का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही, उन्हानं झालं असेल." उन्हानं कातडी रापते एवढंच डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी ते उडवून लावलं. प्रत्यक्षात प्रकार उलटा होता. त्रिकोणाच्या जागी चादरीचा कोपरा पडला होता, म्हणून तेवढीच जागा आधीसारखी पिवळी राहिली होती. उरलेल्या अंगावरची कावीळ उन्हानं उतरली होती.

पुढे काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली, आणि त्या रक्तातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये शोधनिबंध आला. आज कावीळ झालेल्या बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली ठेवतात, त्या उपचाराचं मूळ हे. निबंधावर क्रीमर, पेरीमन आणि रिचर्ड्‌स अशी तीन नावं आहेत. सिस्टर वॉर्ड यांचं नाव लेखकांमध्ये नाही.

नाव नसल्याचं वाईट वाटतंच, पण मला या गोष्टीतली एक साधी बाब जास्त मोलाची वाटते. तो त्रिकोण दिसला, कारण बाईंनी बाळाचे कपडे काढले होते. त्वचा, केस आणि नखं यांची तपासणी परिचर्येच्या पाठ्यपुस्तकात एका प्रकरणात संपते. रंग, ओल, उष्णता, पोत, लवचिकता, सूज, जखमा अशी यादी असते आणि विद्यार्थिनी ती परीक्षेपुरती पाठ करतात. यादी चुकीची नाही. पण पांघरूण दूर केल्याशिवाय तिच्यातला एकही शब्द लागू पडत नाही, आणि आपल्या वॉर्डांत पांघरूण दूर करण्याचं कामच हळूहळू सिस्टरच्या हातून निसटलं आहे. त्याविषयी पुढे बोलूच.

तपासणीला लागणारं सामान गमतीदार वाटावं इतकं थोडं आहे. दिवसाचा उजेड, बॅटरी, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, आणि गार नसलेले दोन हात. यातला उजेड सगळ्यांत महत्त्वाचा. पिवळ्या बल्बखाली हलकी कावीळ दिसतच नाही आणि हिरव्या पडद्यांच्या सावलीत धडधाकट माणूसही आजारी दिसतो. म्हणून जुन्या परिसेविका नव्या मुलींना रुग्णाची खाट खिडकीकडे वळवायला सांगत. हातांचीही वाटणी ठरलेली आहे. ताप किंवा गारठा जोखायचा तो हाताच्या पालथ्या बाजूनं, कारण तिथली कातडी पातळ असते. खरखरीत की मऊ, कोरडं की चिकट, हे बोटांच्या टोकांनी. दोन्ही पायांना एकाच वेळी हात लावायचा, म्हणजे एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का ते लगेच कळतं. डोळ्यांना फसवणं सोपं असतं, पण दोन पाय एकदम धरलेल्या हातांना सहसा फसवता येत नाही.

आणि हात लावण्याआधी विचारायचं. "आजी, पाठ बघू का जरा?" हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय उत्तरातूनच अर्धी तपासणी होते. खाज सुटते का, रात्री जास्त सुटते का, घरात आणखी कोणी खाजवतंय का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या घडीत आणि कंबरेभोवती खरजेच्या बारीक रेघा शोधायच्या. शेवटचा प्रश्न मात्र हमखास राहून जातो: "यावर आत्तापर्यंत काय काय लावलंत?" गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडे गजकर्णाचं रूपच बदललं आहे. गोल, लाल कडेचा, मधून मोकळा असा पुस्तकी चट्टा आता क्वचित दिसतो. दुकानातून आणलेल्या स्टेरॉईडमिश्रित मलमांनी कड पुसली जाते, लाली दबते आणि बुरशी आत पसरत राहते. त्यातच नेहमीच्या औषधाला दाद न देणारी एक बुरशी आली आहे. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. नावातच इंडिया आहे. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. मलमाची ट्यूब रुग्णाच्या पिशवीतच असते, ती फक्त मागून बघायची.

आता रंगाकडे वळू, कारण खरी अडचण तिथं आहे.

मराठीत कातडीच्या रंगासाठी किती शब्द आहेत पाहा. गोरापान, केतकी, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळाभोर. लग्नाच्या जाहिरातींनी या शब्दांचा जो काय छळ मांडला आहे तो सोडून देऊ, पण निरीक्षणासाठी ही श्रीमंती फार कामाची आहे. उलट आपल्या मुली ज्या पुस्तकांतून शिकतात ती बहुतेक गोऱ्या कातडीवर बेतलेली. त्यांत दाह म्हणजे 'लाल', निरोगी म्हणजे 'गुलाबी', प्राणवायू कमी पडला की 'निळसर'. सावळ्या पाठीवरचा दाह लाल दिसत नाही. तो जांभळट, तपकिरी किंवा नुसताच भोवतालपेक्षा गडद दिसतो. 2020 मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातला मलोन मुक्वेंडे हा वैद्यकीचा विद्यार्थी याच प्रश्नाशी अडला. काळ्या आणि तपकिरी कातडीवर ही लक्षणं कशी दिसतात, असं तो विचारत राहिला, आणि शेवटी आपल्या दोन शिक्षकांबरोबर त्यानं 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली. भारतातल्या पुस्तकांना तर हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी पडायला हवा होता. इथं 'गव्हाळ' हा अपवाद नाही, बहुसंख्य आहे.

मग रंग बघायचा कुठं? जिथं रंगद्रव्य कमी असतं तिथं. खालची पापणी ओढून आतली बाजू, जीभ, ओठांची आतली बाजू, तळहात आणि नखांखालचं मांस. पांडुरता, म्हणजे रक्त कमी असल्याचा फिकेपणा, या जागी दिसतो. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षं वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याचा एक चमत्कारिक परिणाम असा की आपल्या वॉर्डात फिकेपणा हाच नेहमीचा रंग ठरतो आणि नजर त्याला सरावते. शेजारच्या खाटेवरची बाईही तेवढीच फिकी असेल, तर ही फिकी आहे हे जाणवणार कसं?

निळेपणाचा हिशेब आणखी कठीण आहे. ओठ-जीभ निळी दिसायला डेसिलिटरभर रक्तात साधारण पाच ग्रॅम हिमोग्लोबिन प्राणवायूविना असावं लागतं. जिच्या अंगात हिमोग्लोबिनच सहा ग्रॅम आहे ती बाई गुदमरत असली तरी निळी दिसायची नाही. तिच्याकडे निळं व्हायला पुरेसं रक्तच नाही. म्हणून 'निळी नाही, म्हणजे ठीक आहे' हे वाक्य आपल्या देशात फार जपून वापरावं. मग बोटाला ऑक्सिमीटर लावू, असं कोणी म्हणेल. लावावाच. पण 2020 च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोकादायक खाली गेलेला असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. यंत्रही उजेडावरच चालतं आणि तो उजेड कातडीतूनच जातो.

काविळीसाठी डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. तोही दिवसाउजेडी, पापणी उचलून, खाली बघायला सांगून. गाजर-पपई भरपूर खाणाऱ्याचे तळहात पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. नवजात बाळाच्या कपाळावर किंवा छातीवर बोट दाबून उचलायचं. दाबलेल्या जागी क्षणभर खालचा पिवळेपणा उघडा पडतो. बाळाची कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरत जाते. तळवे पिवळे झाले किंवा जन्मल्यापासून 24 तासांच्या आत कावीळ दिसली, तर वाट बघायची नाही. सावळ्या बाळात नजरेचा अंदाज चुकतो, म्हणून शंका आली की रक्त तपासायचं. याच बाळांच्या कमरेवर किंवा कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग असतात. आपल्या आज्यांना ते ओळखीचे असतात आणि काही वर्षांत ते आपोआप जातात. पण लंडन किंवा न्यू जर्सीत बाळ जन्मलं, तर आईनं ते जन्माच्या कागदांत नोंदवून घेतलेले बरे. ज्यांना हे डाग ठाऊक नाहीत त्यांना ते मारल्याचे वळ वाटतात.

या सगळ्यांवर एकच उपाय खात्रीचा आहे: माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. डाव्या हाताची उजव्याशी, आजची कालशी, आणि घरच्यांना विचारायचं, "यांचा रंग नेहमी असाच असतो का?" सून सांगते, "नाही हो, सासूबाई चांगल्या उजळ आहेत, दोन दिवसांत मातकट दिसायला लागल्यात." पुस्तकातल्या रंगपट्टीपेक्षा या 'मातकट'ला जास्त वजन द्यावं.

स्पर्शाच्या बाबतीत कातडी इतकी फसवी नाही. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती ताबडतोब सपाट व्हायला हवी. बाळाच्या बाबतीत चिमटा काढायचा तो बेंबी आणि कूस यांच्या मधोमध. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, तर अंगातलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलंय. या चिमट्याला कमी लेखू नये. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाईन संपत आलं होतं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्याही खाली आलं. कोणाला पाजून भागेल आणि कोणाला शिरेतूनच द्यावं लागेल, ही निवड आजही गावपातळीवर खोल गेलेले डोळे, तहान आणि कातडीचा चिमटा यांवरच होते. म्हाताऱ्यांच्या हातावरचा चिमटा मात्र खोटं बोलतो. तिथली कातडी वयानंच सैल झालेली असते. त्यांच्या बाबतीत छातीच्या हाडावर किंवा कपाळावर चिमटा घ्यायचा. सूज बघायची तर नडगीवर पाच सेकंद अंगठा दाबून धरायचा आणि खळगा किती खोल पडतो, किती वेळ टिकतो ते पाहायचं. रुतलेली जोडवी, घट्ट झालेलं पैंजण किंवा पायाला बांधलेला काळा दोरा मांसात शिरलेला दिसला, तर अंगठ्याआधीच उत्तर मिळालेलं असतं.

आता पाठीकडे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर, कोपरांवर कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपली जाते. बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त पोचत नाही. काही तासांत तिथलं मांस मरायला लागतं. वरची कातडी बरेचदा सगळ्यांत शेवटी फुटते, म्हणून उघडी जखम दिसते तेव्हा आतलं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. सुरुवात मात्र अगदी मामुली दिसते. एक लालसर डाग, ज्यावर बोट दाबून उचललं तरी तो पांढरा पडत नाही. हीच पहिली पायरी. इथं सावध झालं तर जखम टळते. आणि इथंच गव्हाळ रंगाची अडचण पुन्हा आडवी येते. सावळ्या पाठीवर लाली दिसत नाही आणि दाबल्यावर पांढरं पडणंही दिसत नाही. तिथं हातच फिरवावा लागतो. भोवतालपेक्षा जागा गरम आहे का, गार आहे का, टणक लागते का, पिठूळ लागते का, आजी 'तिथं नको गं' म्हणतात का? प्राणवायूची नळी ज्यावरून जाते तो कानाचा वरचा भाग आणि सतत उताणं झोपणाऱ्याच्या डोक्याची मागची बाजू या दोन जागा सगळे विसरतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये, म्हणजे 1859 च्या सुमारास, शय्याव्रणाचा दोष रोगाकडे नव्हे तर बहुधा शुश्रूषेकडे जातो असं बजावलं होतं. ते वाक्य नंतर नर्सेसना इतकं ऐकवलं गेलं की पाठीची जखम म्हणजे सिस्टरचा गुन्हा, असा समज झाला आणि जखमा लपवल्या जाऊ लागल्या. मोजायला कोणी बसलं ते शंभर वर्षांनी. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेनं वृद्ध रुग्णांचा बारकाईनं अभ्यास केला आणि 1962 मध्ये धोका आधीच ओळखणारी गुणपट्टी मांडली. पाच गोष्टी पाहायच्या: तब्येत, शुद्ध, चालणं, अंग हलवता येणं, मलमूत्रावरचा ताबा. त्या काळी दुखऱ्या जागांवर वेगवेगळी मलमं-द्रावणं चोळायची पद्धत होती. कामाला येतं ते वेळेवर कूस बदलणं, हे नॉर्टन यांच्या कामातून पुढं आलं. 1987 मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची सहा मुद्द्यांची पट्टी आली. तीत ओलेपणा, आहार आणि घसपटणं यांची भर आहे. गुण 6 ते 23, जितके कमी तितका धोका जास्त, 18 किंवा खाली आले की सावध. आपल्याकडे अजूनही काही घरांत पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर मारतात. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, हाडावर चोळल्यानं आतलं नाजूक झालेलं मांस आणखी चेपतं, आणि पावडरीचे गोळे घामात रुततात. त्यापेक्षा दर दोन तासांनी कूस बदलावी.

पण कूस बदलताना पाठ बघतं कोण? पूर्वी सकाळचं स्पंजिंग नर्सेस करत. अंग पुसणं हे वरवर हलकं काम, पण डोक्यापासून टाचेपर्यंत सगळी कातडी रोज एकदा जाणत्या नजरेखालून जायची ती त्याच वेळी. आज रात्रपाळीला एका अधिपरिचारिकेच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो. तिचे हात इंजेक्शनं, सलाईन आणि रजिस्टरं यांत अडकतात, आणि अंग पुसणं मावशींकडे किंवा नातेवाइकांकडे जातं. दोष तिला कसा द्यायचा? पण अंग पुसण्याबरोबर बघणंही गेलं, आणि ते कोणाकडे सोपवलंय हे कोणीच कोणाला सांगितलं नाही. मावशी पाठ बघतात, बोलत नाहीत. सिस्टर बोलू शकतात, पण त्यांनी पाठ बघितलेली नसते. माझ्या मते आपल्या रुग्णालयांतल्या शय्याव्रणांपैकी पुष्कळ या फटीतून जन्मतात.

नखांचं तसं नाही. ती उघड्यावर असतात आणि शिवाय ती मागचं सांगतात. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ 35 वर्षं मोजली. नखाच्या मुळाशी कानशीनं बारीक रेघ काढायची आणि ती टोकाला कधी पोचते ते टिपायचं, असा हा उद्योग. 32 व्या वर्षी नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढायचं, 67 व्या वर्षी 0.095. असा छंद घरातल्यांनी कसा सोसला असेल कोण जाणे, पण त्यातून एक उपयोगी हिशेब मिळतो. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर सरकतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत जायला सहा महिने. आता नखांवर आडवी खाच दिसली आणि ती मुळापासून सहा मिलिमीटरवर असेल, तर दोनेक महिन्यांपूर्वी या माणसाला काहीतरी मोठं दुखणं येऊन गेलंय. टायफॉईड, डेंगी, शस्त्रक्रिया, काहीही. दुखण्याच्या दिवसांत नखाची वाढ थांबते आणि ती खाच नखाबरोबर पुढं सरकत जाते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी 1846 मध्ये या रेषांचं वर्णन केलं, म्हणून त्या बो यांच्या रेषा.

नखं फुगीर होऊन पोपटाच्या चोचीसारखी वाकणं, ज्याला डॉक्टर क्लबिंग म्हणतात, हे लक्षण हिपोक्रॅटिसच्या काळापासून ठाऊक आहे. फुप्फुसांचे जुने आजार, फुप्फुसाचा कर्करोग, जन्मजात हृदयदोष अशांत ते दिसतं. ते ओळखण्याची सोपी युक्ती दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी 1976 मध्ये दिली, तीही स्वतःच्या बोटांवरून. हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग त्यांनाच झाला होता आणि आपली नखं बदलताना त्यांनी पाहिली. दोन्ही हातांची तीच बोटं, नखाला नख लावून, पाठीला पाठ टेकवा. निरोगी बोटांत मुळाशी शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसते. क्लबिंग असेल तर ती बुजते. वाचता वाचता तुम्ही हे करून पाहिलं असेलच.

लोह कमी पडलं की नखं पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात, पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळत नाही. नखाचं टोक दाबून सोडलं की पांढरा झालेला रंग दोनेक सेकंदांत परतायला हवा. उशीर झाला तर रक्ताभिसरणात गडबड आहे, मात्र हात थंडीनं गारठलेले नाहीत याची आधी खात्री करावी. मेंदी, आळता किंवा नखरंग असेल तर यांतलं काहीच दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी नखरंग पुसायला लावतात. मेंदी पुसता येत नाही. तिथं ओठ आणि जीभ बघायची. आणि एकाच नखात नव्यानं उमटलेली, रुंदावत चाललेली, मुळाशी कातडीवरही पसरलेली काळी रेघ 'मार लागला असेल' म्हणून सोडू नये. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या नखाखाली असाच त्वचेचा कर्करोग होता. तो 1977 मध्ये कळला, आणि 1981 मध्ये 36 व्या वर्षी तो गेला. सावळ्या-काळ्या माणसांत हा कर्करोग होतो तेव्हा तो बरेचदा तळवे आणि नखं गाठतो.

केसांवर थोडक्यात. दिवसाला 50 ते 100 केस गळणं ठीक. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीनं केस गळतात, कोविडनंतर घरोघरी हे पाहिलंच आहे. ते बहुतेक परत येतात, तेवढा धीर द्यायचा. चाई पडली तर टक्कल गुळगुळीत असतं. खवडा असेल तर खपली असते आणि केस तुटके असतात. कोंडा झटकला की उडतो, लीख केसाला चिकटून बसते. उवा बघायच्या त्या कानांमागे आणि मानेवर. कुपोषित मुलाचा केस लांबीत एकाआड एक तांबूस आणि काळा दिसला, तर अन्न मिळालेले आणि न मिळालेले महिने त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी लिहिलेले असतात. अंगणवाडीतल्या वजनकाट्याला हे इतिहासज्ञान नसतं.

काही गोष्टी रुग्ण आपणहून दाखवत नाही, कारण त्याला त्या दुखत नाहीत. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, वेदना नाही, घाम नाही. डोळे मिटायला सांगून कापसाची वात टेकवायची आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. चट्ट्यावर कळत नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची. हे चट्टे पाठीवर, कुल्ल्यांवर असले तर माणसाला स्वतःला दिसतच नाहीत. अमरावतीच्या तपोवनची आणि वरोऱ्याच्या आनंदवनची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको, असं वाटतं. पण 2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाखाली आलं, आणि रोग संपलाच असा समज पसरला. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण अजूनही भारतात सापडतात. औषध फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. तो वेळेत सापडला नाही तर वाकडी झालेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत.

दुसरी जागा कंबर. वर्षानुवर्षं परकराची नाडी एकाच रेषेत आवळून तिथं काळपट, खवलेदार पट्टा पडतो. बायका त्याला आजार मानत नाहीत, नेसण्याचाच भाग समजतात. बहुतेकींचा तो तेवढाच राहतो. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्येच धोतर बांधण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती, आणि साडीच्या बाबतीतही पुढे तसंच आढळलं. म्हणून त्या पट्ट्यावर महिनाभर न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवायची. टिकलीच्या गोंदानं कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, तोही कुंकवाखाली झाकला जातो. विचारल्याशिवाय कोणी टिकली काढत नाही.

बघून झालं की लिहायचं, आणि नेमकं लिहायचं. 'पाठीला जखम' या दोन शब्दांचा दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला काहीही उपयोग नाही. 'माकडहाडावर, दोन बाय तीन सेंटिमीटर, कातडी शाबूत, भोवतालपेक्षा गडद आणि गरम, दाबल्यावर दुखते, सकाळी सात वाजता' असं लिहिलं, की रात्रीची सिस्टर पट्टी लावून सांगू शकते, वाढली की कमी झाली.

आणि तुम्ही रुग्णाजवळ बसणारे असाल, तर एक विनंती. सिस्टर खाटेजवळ येऊन "जरा कुशीवर वळवू या" म्हणतात तेव्हा "राहू द्या, आत्ताच पुसून घेतलंय आम्ही" असं म्हणू नका. उठून दुसऱ्या बाजूला जा, खांद्याला आणि कमरेला आधार द्या, आणि सकाळी पुसताना तुम्हाला टाचेवर किंवा माकडहाडावर जे दिसलं होतं ते त्यांना सांगा.